फ्रेंच ऐकायचं कसं, बोलायचं कसं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

मराठी माणसाचा कान शब्दाच्या शेवटाकडे लागलेला असतो. झाडावर, झाडाखाली, मुलाने, मुलांना, गेला, गेली, गेले. कोण, किती, कुठे, कुणी हे सगळं आपल्याला शब्दाच्या शेपटातून कळतं. फ्रेंचमध्ये यातली बरीचशी माहिती शब्दाच्या आधी येते आणि शब्दाचा शेवट पुष्कळदा उच्चारलाच जात नाही. 'पुस्तक' म्हणजे 'लीव्र'. अनेकवचनात लिहिताना शेवटी 'एस' लागतो, पण तो ऐकू येत नाही. कानाला फरक कळतो तो फक्त आधीच्या छोट्या शब्दावरून: 'ल लीव्र' म्हणजे एक पुस्तक, 'ले लीव्र' म्हणजे अनेक. क्रियापदांचंही तेच. 'मी बोलतो', 'तू बोलतोस', 'तो बोलतो', 'ते बोलतात' या चारही ठिकाणी 'पार्ल' एवढंच ऐकू येतं आणि कोण बोलतंय ते आधीच्या सर्वनामावरून ओळखायचं.

वाचलं तर समजतं, पण कुणी बोललं की काही पकडता येत नाही, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार असते. तिचं मोठं कारण इथे आहे. म्हणून मी सांगते ती वाट कानापासून सुरू होते आणि व्याकरणही कानाच्याच आधाराने शिकवते.

या लेखातले उच्चार देवनागरीत दिले आहेत आणि ते जवळपासचे आहेत, हुबेहूब नाहीत. चंद्रबिंदू दिसला की स्वर नाकातून काढायचा. 'ज़' म्हणजे गळा घुमवून म्हटलेला 'स', आणि 'ज्य' म्हणजे गळा घुमवून म्हटलेला 'श'. प्रत्येक उदाहरण मूळ उच्चारात ऐकूनच पाठ करा.

पहिली पायरी: आवाज

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे आवाजांना द्या. व्याकरणाचं पुस्तक थोडं थांबलं तरी चालेल.

सगळ्यात महत्त्वाचे आहेत ते नाकातले स्वर. आपल्याकडे अनुस्वार आहे, पण प्रमाण मराठीत तो बहुतेक वेळा पुढच्या अक्षरानुसार 'ङ्', 'न्' किंवा 'म्' होतो: अंग, अंत, अंबा. फ्रेंचमध्ये असं व्यंजन येता कामा नये, जीभ कुठेही टेकता कामा नये. हिंदीतला 'हाँ' नीट म्हणून पाहा, तीच जात. आता हे तीन शब्द एकामागून एक म्हणा: 'बोँ' म्हणजे चांगला, 'बाँ' म्हणजे बाक, 'बेँ' म्हणजे आंघोळ. तीन वेगळे शब्द, फरक फक्त स्वराचा. सरावासाठी फ्रेंच शिकवणारे 'अँ बोँ व्हेँ ब्लाँ' हे शब्द वापरतात. अर्थ 'एक चांगली पांढरी वाईन', आणि चारही अनुनासिक स्वर त्यात ओळीने येतात. आजच्या पॅरिसमध्ये 'अँ' आणि 'एँ' यांतला फरक जवळजवळ पुसला गेला आहे, त्यामुळे तो जमला नाही तर चिंता करू नका. बाकीचे तीन मात्र स्वच्छ वेगळे यायलाच हवेत.

दुसरा आवाज मराठीत नाहीच. जीभ 'ई'च्या जागी ठेवा आणि ओठ 'ऊ'सारखे गोल करा. इथे तो 'यू' असा लिहिला आहे, पण 'य' आणि 'ऊ' असे दोन तुकडे करू नका, तो एकच स्वर आहे. हा चुकला तर अर्थ उलटतो: 'दस्यू' म्हणजे वर, 'दसू' म्हणजे खाली.

फ्रेंच 'र' घशात, पडजिभेजवळ घासून येतो. तो हळूहळू जमतो. मराठी 'र' काढलात तरी समोरच्याला कळतं, म्हणून यावर महिने घालवू नका.

शेवटच्या व्यंजनांबद्दल सुरुवातीला एवढा आडाखा पुरे: शब्दाच्या शेवटी लिहिलेली बहुतेक व्यंजनं मुकी असतात, 'सी', 'आर', 'एफ', 'एल' ही चार अक्षरं पुष्कळदा बोलतात. अपवाद भरपूर आहेत आणि ते ऐकूनच पक्के होतात.

दुसरी पायरी: शब्द जोडले कुठे जातात

फ्रेंच माणूस शब्द सुटे बोलत नाही. मुकं व्यंजन पुढे स्वर आला की जागं होतं आणि त्या स्वराला जाऊन चिकटतं. याला 'लिएज़ोँ' म्हणतात. 'ले' आणि 'आमी' (मित्र) एकत्र आले की 'लेज़ामी' होतं. 'व्हू' (तुम्ही) आणि 'आव्हे' मिळून 'व्हूज़ाव्हे', तुमच्याकडे आहे. 'ग्राँ' (मोठा) आणि 'आमी' मिळून 'ग्राँतामी': लिहिताना 'डी', ऐकताना 'त'. आपल्याला संधी नवा नाही, त्यामुळे कल्पना लगेच पटते. अडचण ऐकताना येते, कारण शब्दकोशात 'ज़ामी' शोधून काही सापडत नाही.

या जोडणीत कधीकधी सगळा अर्थ अडकलेला असतो. 'इल्ज़ोँ' म्हणजे 'त्यांच्याकडे आहे', 'इल्सोँ' म्हणजे 'ते आहेत'. फरक फक्त 'ज़' आणि 'स' यांचा. ही जोडी पहिल्याच महिन्यात कानात पक्की करा.

वेळ सांगतानाही हेच होतं. 'दज़र' म्हणजे दोन वाजता, 'दूज़र' म्हणजे बारा वाजता. 'त्र्वाज़र' म्हणजे तीन वाजता, 'त्रेज़र' म्हणजे तेरा वाजता, म्हणजे दुपारी एक. फ्रान्समध्ये गाड्यांच्या आणि भेटींच्या वेळा सर्रास 24 तासांच्या घड्याळाने सांगतात, त्यामुळे ही गफलत खरोखर महागात पडू शकते.

प्रत्येक ठिकाणी जोडणी होत नाही. 'आणि' या अर्थाच्या 'ए' नंतर ती कधीच करायची नाही. 'एच'ने सुरू होणाऱ्या काही शब्दांपुढेही नाही: 'नायक' या शब्दाचं अनेकवचन 'ले एरो' असं तोडूनच म्हणायचं, कारण जोडून 'लेज़ेरो' म्हटलं तर त्याचा अर्थ 'शून्यं' होतो.

तिसरी पायरी: व्याकरण, पण या क्रमाने

लिंगापासून सुरुवात करा. आपल्याला निर्जीव वस्तूंना लिंग असतं याचं नवल वाटत नाही, ही मोठी सवलत आहे. आपली तीन, फ्रेंचची दोनच. पण मराठी लिंगावरून फ्रेंच लिंगाचा अंदाज बांधायला जाऊ नका, दोन्हींचा काही संबंध नाही. प्रत्येक नाम 'अँ' (पुल्लिंगी 'एक') किंवा 'यून' (स्त्रीलिंगी 'एक') लावूनच पाठ करा. 'ल' (पुल्लिंगी 'तो') आणि 'ला' (स्त्रीलिंगी 'ती') लावून पाठ करण्यात धोका असा की स्वरापुढे दोघांचाही नुसता 'ल्' उरतो आणि लिंग लपून जातं. शेवटावरूनही पुष्कळ कळतं: 'स्योँ', 'एत' आणि 'आँस' असे शेवट असलेले शब्द सहसा स्त्रीलिंगी, 'आज्य', 'माँ', 'ईस्म' असे शेवट असलेले सहसा पुल्लिंगी. 'प्लाज्य' (समुद्रकिनारा), 'ईमाज्य' (चित्र) हे स्त्रीलिंगी आणि 'सीलाँस' (शांतता) हा पुल्लिंगी, असे अपवाद भेटतील तसे टिपून ठेवा.

विशेषणांचा एक नियम मला फार आवडतो, कारण तो पुढे पुन्हा पुन्हा उपयोगी पडतो. स्त्रीलिंगात मुकं व्यंजन बोलू लागतं. लहान: 'पती', 'पतीत'. मोठा, मोठी: 'ग्राँ', 'ग्राँद'. हिरवा, हिरवी: 'व्हेर', 'व्हेर्त'. म्हणून विशेषण नेहमी स्त्रीलिंगी रूपात ऐकून शिका. त्यातून शेवटचं व्यंजन काढलं की बहुतेक वेळा पुल्लिंगी मिळतं. उलट बाजूने गेलात तर कुठलं व्यंजन लावायचं हे ऐकून कळत नाही.

मग वर्तमानकाळ. 'एत्र' (असणे), 'आव्ह्वार' (जवळ असणे), 'आले' (जाणे), 'फेर' (करणे) ही चार अनियमित क्रियापदं तोंडपाठ हवीत. त्यांच्याशिवाय एक वाक्य पुढे सरकत नाही. बाकी बहुसंख्य क्रियापदं 'पार्ले'सारखी (बोलणे) चालतात. बोलताना 'आम्ही'साठी 'नू' ऐवजी सर्रास 'ओँ' वापरतात आणि 'ओँ'चं क्रियापद 'तो'सारखंच असतं. म्हणजे रोजच्या बोलण्यासाठी दोनच रूपं पुरतात: 'पार्ल', आणि 'तुम्ही'साठी 'पार्ले'. भविष्यकाळासाठी आधी सोपा मार्ग धरा. 'ज्य व्हे' म्हणजे 'मी जातो', त्यापुढे मूळ क्रियापद ठेवलं की झालं: 'ज्य व्हे पार्ले', मी बोलणार आहे.

भूतकाळाला मात्र वेळ द्या. इथे बहुतेक शिकणारे अडखळतात आणि मराठी इथेच सगळ्यात जास्त मदत करते.

आपण 'ती गेली', 'तो गेला' म्हणतो. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं. पण 'तिने चिठ्ठी लिहिली', 'तिने लेख लिहिला' म्हणताना ते कर्माप्रमाणे बदलतं. शाळेत आपण हेच कर्तरी आणि कर्मणी प्रयोग म्हणून शिकलो. फ्रेंचमध्येही भूतकाळाचे असेच दोन गट आहेत. जाणे, येणे, निघणे, पोहोचणे, पडणे, जन्मणे, मरणे अशी मोजकी क्रियापदं 'एत्र' घेतात आणि त्यांचं रूप कर्त्याप्रमाणे बदलतं: तो मेला 'इले मोर', ती मेली 'एले मोर्त'. बाकीची जवळजवळ सगळी 'आव्ह्वार' घेतात आणि त्यांचं रूप कर्माप्रमाणे बदलू शकतं, मात्र कर्म क्रियापदाच्या आधी आलं तरच. 'मी चिठ्ठी लिहिली' हे 'ज्ये एक्री ला लेत्र'. कर्म नंतर आलं, बदल नाही. 'मी लिहिलेली चिठ्ठी' हे 'ला लेत्र क ज्ये एक्रीत'. चिठ्ठी आधी आली, स्त्रीलिंगी आहे, म्हणून तो मुका 'त' जागा झाला. या नियमावर फ्रेंच शाळांमधली मुलं घाम गाळतात. आपण तो नियमाचं नावही न घेता रोज पाळतो. फक्त लक्षात ठेवा की अनेक क्रियापदांत हा बदल लिहिण्यापुरताच असतो, ऐकू येत नाही.

दुसरा भूतकाळ 'अँपार्फे'. त्यालाही मराठीतून सरळ वाट आहे. 'वाचत होतो', 'पाऊस पडत होता' किंवा 'लहानपणी आम्ही जायचो' असं जिथे म्हणाल तिथे हा काळ. 'वाचला', 'पडला', 'गेलो' म्हणाल तिथे आधीचा. 'मी वाचत होतो तेव्हा फोन वाजला' या एका वाक्यात दोन्ही येतात: 'ज्य लीज़े काँ ल तेलेफोन आ सोने'. आणि 'मी तीन वर्षांपासून इथे राहतोय' याला आपल्यासारखाच वर्तमानकाळ लागतो: 'ज्याबीत इसी दप्वी त्र्वाज़ाँ'. इथे इंग्रजीच्या वळणाने गेलात तर विनाकारण गुंता होतो.

सर्वनामांचंही तसंच. नाम असेल तर कर्म क्रियापदानंतर येतं, पण सर्वनाम असेल तर आधी: 'ज्य त ल दोन', मी तुला ते देतो. शब्दांचा क्रम अगदी आपलाच. 'सा म प्ले' म्हणजे 'हे मला आवडतं'. 'त्यू म माँक' म्हणजे 'तू मला आठवतोस', 'तुझी उणीव भासते'. इंग्रजीतून आलेला माणूस इथे कर्ता आणि कर्म उलटसुलट करत बसतो. तुम्हाला त्याची गरज नाही.

'स्यूब्ज्योँक्तीफ' या नावाला घाबरून लोक व्याकरण सोडून देतात. त्याला आपला विध्यर्थ पुष्कळ जवळचा आहे: 'मी निघावं अशी तिची इच्छा आहे', 'एल व्ह क ज्य पार्त'. इच्छा, गरज, भीती, शंका यांच्यानंतर तो येतो. 'आशा आहे' या अर्थाच्या 'एस्पेरे'नंतर मात्र साधं रूपच लागतं, तिथे आपली मराठी थोडी फसवते. पहिलं वर्ष 'इल फो क' (असं करायला हवं की) याच्याबरोबर येणारी पाच-सहा रूपं पुरेत.

'पाणी', 'वेळ', 'संगीत' अशा न मोजता येणाऱ्या नामांआधी 'द्यू', 'द ला' किंवा 'द ल्' लागतं आणि नकारात त्याचं नुसतं 'द' होतं: 'द लो' म्हणजे (थोडं) पाणी, 'पा दो' म्हणजे पाणी नाही. मराठीत याला काही समांतर नाही. वाक्यं पाठ करणं हाच उपाय.

चौथी पायरी: रुळलेले प्रयोग

आधी शिष्टाचार. फ्रान्समध्ये दुकानात, कचेरीत, दवाखान्यात शिरताना 'बोँज्यूर' म्हटल्याशिवाय काही विचारायचं नाही. प्रश्न कितीही शुद्ध फ्रेंचमध्ये असला तरी हा शब्द नसेल तर तो उद्धट वाटतो. निघताना 'ओ रव्ह्वार', 'बोन ज्यूर्ने'. काही मागताना 'ज्य व्हूद्रे', मला हवं होतं. 'त्यू' आणि 'व्हू' हा भेद म्हणजे आपलं अरे-तुरे आणि अहो-जाहो. अनोळखी मोठ्या माणसाला 'व्हू'च, समोरच्याने सुचवेपर्यंत.

भूक, थंडी, भीती, वय या सगळ्याला फ्रेंच 'आव्ह्वार' वापरतं: 'ज्ये फेँ' भूक लागली, 'ज्ये फ्र्वा' थंडी वाजते, 'ज्ये पर' भीती वाटते, 'ज्ये व्हेँताँ' मी वीस वर्षांचा आहे. गरज असेल तर 'ज्ये बज़्वेँ द', करावंसं वाटत असेल तर 'ज्ये आँव्ही द'. हा संच एकत्र शिका, यातले प्रयोग रोज लागतात.

वाक्प्रचारांत फ्रेंच श्रीमंत आहे. 'पोज़े अँ लापेँ', शब्दशः ससा ठेवणे, म्हणजे भेटायचं ठरवून न येणे. 'आव्ह्वार ल काफार', जवळ झुरळ असणे, म्हणजे उदास असणे. 'स ने पा ला मेर आ ब्वार', समुद्र प्यायचा नाहीये, म्हणजे फार अवघड नाही. 'दोने सा लाँग ओ शा', आपली जीभ मांजराला देणे, म्हणजे कोड्याचं उत्तर येत नाही असं कबूल करणे. हे ऐकून ओळखता आले की पुरे. वापरायची घाई नको, कारण चुकीच्या प्रसंगी ते पाठांतरासारखे वाटतात. त्याआधी बोलण्याला सांधणारे छोटे शब्द शिका: 'आँ फे' (खरं तर), 'द्यू कू' (मग, त्यामुळे), 'काँ मेम' (तरीसुद्धा), 'ताँ पी' (जाऊ दे), 'सा मार्श' (चालेल). पाच मिनिटांच्या संभाषणात हे किती वेळा येतात ते ऐकून बघा.

इंग्रजी येत असेल तर सारखे दिसणारे शब्द जपून वापरा. 'आक्त्यूएलमाँ' म्हणजे सध्या, 'लीब्रेरी' म्हणजे पुस्तकांचं दुकान, 'रेस्ते' म्हणजे थांबणे, राहणे.

पाचवी पायरी: रोजचं ऐकणं

मागे फ्रेंच रेडिओ लावून दुसरं काम करत राहणं म्हणजे ऐकण्याचा सराव नव्हे. एक-दोन मिनिटांचा तुकडा घ्या, ज्याचा लिहिलेला मजकूर मिळतो असा. आरएफआय या फ्रेंच आंतरराष्ट्रीय रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र, 'ज्यूर्नाल आँ फ्राँसे फासील', सुमारे दहा मिनिटांचं असतं आणि त्याचा मजकूर सोबत मिळतो. टीव्ही5मोंद या फ्रेंच वाहिनीच्या संकेतस्थळावर ए-1 (अगदी नवशिके) ते बी-2 (बऱ्यापैकी सरावलेले) पातळीचे चित्रफितींसह स्वाध्याय मोफत आहेत. ए-1 पातळीला बातमीपत्र जड जाईल, तेव्हा स्वाध्यायांपासून सुरू करा.

पहिल्यांदा ऐकताना फक्त विषय काय, कोण बोलतंय, एवढंच टिपा. दुसऱ्यांदा संख्या, नावं, वेळा. मग एकेक वाक्य थांबवून जे ऐकू येईल ते लिहा. फ्रेंच शाळांमध्ये याला 'दिक्ते' म्हणतात आणि परक्या माणसासाठी यापेक्षा चांगला व्यायाम मला माहीत नाही, कारण जोडण्या कुठे आहेत ते इथे उघडं पडतं. आता मजकूर काढून ताडून बघा. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: शब्द माहीत नव्हता, की माहीत असून ओळखू आला नाही? दुसऱ्या प्रकारच्या चुका मौल्यवान. त्या वाक्यांची वेगळी वही ठेवा आणि ती वाक्यं बोलणाऱ्याच्या मागोमाग, त्याच्याच चालीत मोठ्याने म्हणा. फ्रेंचमध्ये जोर शब्दसमूहाच्या शेवटच्या अक्षरावर येतो. ती चाल जिभेत बसली की कानही समूह पकडू लागतो.

पुस्तकातलं आणि बोलण्यातलं अंतर आधीच माहीत असलं तर निम्मी लढाई सोपी होते. नकारात 'न' आणि 'पा' असे दोन भाग असतात, पण बोलताना 'न' गळतो. 'ज्य न से पा' (मला माहीत नाही) याचं आधी 'ज्य से पा' आणि मग 'शे पा' होतं. 'ज्य स्वी' (मी आहे) याचं 'श्वी', 'इलिया' (आहे) याचं 'या', 'त्यू आ'चं 'ता', 'इल फो'चं नुसतं 'फो'. त्यामुळे कान नकारासाठी 'पा' वर ठेवा, तो कधी गळत नाही.

संख्यांना स्वतंत्र वेळ द्या. 70 म्हणजे 'साठ-दहा', 80 म्हणजे 'चार-वीस', 97 म्हणजे 'चार-वीस-दहा-सात'. फ्रान्समध्ये दहा आकडी फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांत सांगतात, त्यामुळे 'साठ' ऐकून 6 लिहायला जावं तोवर पुढे 'दहा' किंवा 'पंधरा' येतं आणि आकडा 70 किंवा 75 होतो. जोडी पूर्ण होईपर्यंत लिहू नका. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये 70 ला 'सेप्ताँत' आणि 90 ला 'नोनाँत' असे सरळ शब्द आहेत.

क्वेबेकचे किंवा पश्चिम आफ्रिकेतले उच्चार सुरुवातीला वेगळे वाटतील. एका उच्चारात बी-1 (मधल्या) पातळीपर्यंत पाय रोवा, मग मुद्दाम बाकीचे ऐका.

परीक्षा द्यायची असेल तर

ए-1 ते सी-2 या पातळ्या युरोप परिषदेने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीतून आल्या. डेल्फ ही परीक्षा ए-1 ते बी-2 साठी, डाल्फ सी-1 आणि सी-2 साठी. दोन्ही प्रमाणपत्रांना मुदत नसते. टीसीएफ आणि टीईएफ या फ्रेंचच्या दुसऱ्या चाचण्यांचे निकाल मात्र दोन वर्षंच चालतात, म्हणून प्रवेशाच्या किंवा व्हिसाच्या अर्जाची तारीख बघूनच त्या द्या. डेल्फमध्ये ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे यांना प्रत्येकी 25 गुण असतात. उत्तीर्ण व्हायला एकूण 50 लागतात आणि प्रत्येक भागात किमान 5. ए-1 च्या तोंडी परीक्षेत स्वतःची ओळख, परीक्षकाला प्रश्न विचारणे आणि एखाद्या प्रसंगाचा संवाद असे तीन भाग असतात. त्यातला मधला भाग उमेदवार सर्वात कमी तयार करतात, कारण घरी आपण उत्तरं पाठ करतो, प्रश्न नाही. कुठलाही रोजचा शब्द घ्या आणि त्यावर पाच प्रश्न मोठ्याने विचारा: 'ऊ' (कुठे), 'काँ' (केव्हा), 'कोँब्येँ' (किती), 'पूर्क्वा' (का), 'कोमाँ' (कसं).